झेंडा माझा, शिट्टी मेहुणीची

३ फेब्रुवारी
महिला विभागीय फुटबॉल स्पर्धेत नेमणूक. तीही लाइन्समन म्हणून! इतकी वर्षं शाळांच्या मॅचेसना शिट्टी फुंकली, आता झेंडा घेऊन पोरींच्या मागे धावा. त्यात मेन रेफरी कोण, तर माझी धाकटी मेहुणी. शी! पण इथूनच मुली राष्ट्रीय संघात जातात आणि इथूनच रेफरी पुरुषांच्या लीगला. त्यामुळे नाक दाबून ही पायरी चढायची. उद्यापासून पहाटे पाचला धावणं. म्हणजे धावणंच.

४ फेब्रुवारी, सकाळी ९
गजर वाजला असं बायको म्हणते. मी ऐकला नाही. तसंही अनुभवी माणसाला पळावं लागत नाही. बॉल कुठे जाणार ते त्याला आधीच कळतं.

९ फेब्रुवारी
पहिली मॅच. आमची खोली म्हणजे उकिरडा. ओले मोजे, मलमाचा वास, चहावर साय. मोजे माझेच होते, तो भाग वेगळा. पोरी उगाच पळतात. लांब वेणीवाली एक विंगर तर मला म्हणाली, काका, जरा बाजूला. काका! वर मेहुणीने सुनावलं, भाऊजी, डिफेंडरच्या रेषेत राहा, मागे पडताय. कालची पोर मला शिकवणार! उद्या पाचला उठून दाखवतोच.

१६ फेब्रुवारी
सेमीफायनल. शेवटची मिनिटं, वेणीवालीचा संघ एका गोलने मागे. तिने स्वतःच्याच अर्ध्या मैदानात पास घेतला, सुसाट सुटली आणि गोल मारला. मी अजून आधीच्या हल्ल्यानंतर कॉर्नरपाशी धापा टाकत उभा. तिथून ती पास घेताना डिफेंडरच्या पुढे, म्हणजे ऑफसाइड वाटली. झेंडा वर केला. मेहुणीने माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकली. गोल रद्द. संघ स्पर्धेबाहेर.
आपल्या अर्ध्यात ऑफसाइड नसतो, हे मला काय माहीत नाही? डोळ्यांवर ऊन आलं, दुसरं काय. पोर मैदानातच बसून हमसून हमसून रडली. खेळात इतकं रडतात का? रात्री जेवण गेलं नाही. भाजी खारट होती.

१७ फेब्रुवारी
कमिटीपुढे चौकशी. मी सगळं सांगणारच होतो, पण आधी घोटभर पाणी प्यायला घेतलं. तेवढ्यात मेहुणी म्हणाली, झेंडा हा नुसता सल्ला, निर्णय रेफरीचा, चूक माझी. तिची फायनल गेली. पुरुषांच्या लीगला पहिली बाई रेफरी म्हणून जाणार होती, तेही गेलं. घरी बायकोने ताट आदळलं. म्हणाली, तुमचं नाव तिनेच शब्द टाकून घालायला लावलं होतं. मला वाटलेलं, अनुभव बघून घेतलं. असो. उद्या कमिटीच्या सेक्रेटरीला गाठून खरं काय ते सांगणार. काळ्या दगडावरची रेघ.

१८ फेब्रुवारी
फोन लावला. त्याने उचलायच्या आत कट झाला. माझ्याकडूनच. गुडघाही दुखतोय. सोमवारी बघू.

२३ फेब्रुवारी
सेक्रेटरीचाच फोन. म्हणाला, चौकशीत तुमच्यावर ठपका नाही, तिची लीगची जागा रिकामी आहे, तुम्ही या. हो म्हटलं. म्हणजे, तोंडून निघून गेलं. नवी शिट्टी आणली. तोंडात धरली तर कडूजहर. हल्ली काय भंगार बनवतात!
संध्याकाळी मेहुणीचा फोन. वाटलं, आता शिव्या घालणार. तर म्हणाली, भाऊजी, अभिनंदन, सकाळी पळायला मात्र जात जा.
पाचचा गजर लावला. मग सहाचा केला.