तांब्याच्या तारेला आलेला ताप

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा लेखीच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींच्या पथ्याशी जमलं, की अजून चोरून गोड चाललंय?

इकडे आमच्या प्रयोगशाळेत क्रांती झाली. आठवडाभर टिकली. आमच्या विभागप्रमुखांनी (मागे चुंबकराव, तोंडावर सर) तांब्याची तार विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवली, तिच्यातून प्रवाह सोडला आणि रोध मोजला. चुंबक चालू केल्यावर तो दहा टक्के वाढला. चुंबकाजवळ इलेक्ट्रॉन वाट वाकडी करतात आणि रोध वाढतो, हे खरंच. बिस्मथ या धातूमध्ये तर डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. पण तांबं या बाबतीत आपल्या थोरल्या काकांसारखं, कुणी काहीही म्हणा, ढिम्म. तेच सरांपुढे पाझरलं म्हटल्यावर सरांनी भावी सत्कारांसाठी कोट शिवायला टाकला आणि तपासणी समितीला बोलावलं.

समितीसमोर आकडे वाचायचं काम माझं. सरांनी चुंबक बंद केलं. चुंबकीय क्षेत्र तत्क्षणी गेलं. रोध मात्र, निघतो निघतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा, अर्धा तास रेंगाळत उतरला. समितीतल्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मामा, बारा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सर माझ्याकडे बघत होते. तरी मी म्हटलं, "तार तापली आहे. चुंबकाच्या गुंडाळीला गार ठेवणारं पाणीच बंद आहे." नळ उघडला, गुंडाळी निवली, तार निवली, पाठोपाठ क्रांतीही. पुन्हा मोजलं, तर वाढ शोधावी लागेल इतकी. सर मोठ्या मनाचे. त्यांनी चूक तिथल्या तिथे मान्य केली (माझी), आणि माझी बदली भांडारात केली. आता मी फुटक्या परीक्षानळ्या मोजते. त्यांचा रोध कशानेही वाढत नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. पाणी मीच बंद केलं होतं. नळ ठिबकून ठिबकून डोकं उठलं, म्हणून पिळला.

ता. क. २. त्या बाई मला त्यांच्या प्रयोगशाळेत घ्यायला तयार आहेत, पण नळाच्या चौकशीत माझं नाव येता कामा नये. त्या आठवड्यात माझे मामा प्रयोगशाळा बघायला आले होते, असं मी सांगून बसले आहे. कागद आला की निमूटपणे सही करा. तुमची या वयात बदली कुठे करणार?