सासऱ्यांची शीळ

२ मार्च
आजपासून लॅब माझी. सासरे गेले, खुर्ची जावयाकडे आली; लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. संकल्प: विमानाच्या पंखावरचा ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, पाच टक्के कमी करणार. विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडायच्या बोगद्यात, ठेवलेल्या मॉडेलच्या पंखावर माझी बारीक रेघांची फिल्म चिकटवली. सासरे दर चाचणीआधी पंखावरून तळहात फिरवायचे, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. तो प्रकार बंद. आपल्याकडे सेन्सर आहेत.

५ मार्च
टनेलमध्ये वारा सोडला आणि शीळ ऐकू आली. बारीक, दातांतून घातलेली. सासरे विचारात पडले की अगदी अशीच घालायचे. अंगावर काटा आला. एसी जास्त होता.

६ मार्च
पुन्हा शीळ. ड्रॅग साध्या पंखाहून जास्त! सेन्सर बदलायला सांगितले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

९ मार्च
खुर्ची परत टनेलकडे वळलेली. सफाईवाल्या मावशींनी केलं असणार. विचारलं नाही. नाही म्हणाल्या तर?
जेवताना बायकोला शिळेचं सांगून बसलो. वाटलं, हसेल. तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, मला ऐकव, बाबांचा आवाज आपण कधी रेकॉर्डच केला नाही रे. आणि पंखावरून हात फिरवून बघ ना एकदा. म्हटलं, मी इंजिनिअर आहे, मालिशवाला नाही. शुक्रवारी विमान कंपनीची माणसं येतायत, मग ऐकवतो.

१३ मार्च
पाहुण्यांपुढे भाषण झकास झालं. वारा सुटला, शीळ सुरू. एकाने विचारलं, कोण शीळ घालतंय? माझ्या तोंडून निघून गेलं, सासरे. ड्रॅगचा आकडा बघून मंडळी चहा न घेताच उठली. चहा गार झाला होता, तेही असेल.

१४ मार्च, सकाळ
लॅबमध्ये कुणी नाही. फिरवला हात. पुढच्या कडेला बोट अडकलं. फिल्मचा कोपरा सुटलेला, नखाएवढा. दाबून बसवला. ड्रॅग सहा टक्के कमी! शीळ बंद. नाचणार होतो, पण हॉल फारच शांत वाटला. खुर्चीकडे बघवेना.

दुपार
बायको आली. अंगात बाबांचा जुना स्वेटर. म्हणाली, ऐकव. तिला म्हटलं, थांब, थोडी ॲडजस्टमेंट राहिलीय. आत जाऊन नखाने कोपरा उचलला. केवळ तुलनेसाठी.
वारा सोडला. टनेलच्या काचेला कान लावून ती रडली, मग हसली. बंद कर म्हणेना. मीही केलं नाही.
ड्रॅग वाढला असणार. बघितला नाही.