कडी न लावलेल्या खिडकीतली कुंडी

मी, मनकर्णाबाई रामराव इंगोले, वय ७१ वर्षे, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मंगरूळपीर, जि. वाशिम, पुढील मजकूर माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम जोडला, कारण माझी धाकटी जाऊ शशिकला शंका काढल्याशिवाय राहायची नाही.

१. राहते घर, पोस्टातील ठेव, शिलाई मशीन व दागिने माझी एकुलती मुलगी राखी हिला मिळावेत. घराच्या उत्तरेकडील भिंतीपलीकडे शशिकला राहते. भिंत सामाईक आहे. बाकी काही सामाईक नाही.

२. माझे पितळी पातेले राखीच्या बारशापासून शशिकलेकडे आहे. ते राखीने मागून घ्यावे. "विसरलीच वो बाई," असे ती म्हणेल. ऐकू नये.

३. माझ्या खिडकीत झेडझेड नावाचे झाड आहे. राखीने ते अकोल्याच्या नर्सरीतून मला आणून दिले. मला, हे नमूद असावे. घराबरोबर ते तिचेच. हे झाड फार सावकाश वाढते. त्याचे पान तोडून बुडखा मातीत खोचला, तर आधी खाली बारक्या बटाट्यासारखी गाठ धरते, मग कोंब येतो. वर्ष निघून जाते. मी चौदा पाने लावली. मुळे आली का म्हणून दर रविवारी उकरून पाहिली. चौदाही सडली.

त्याच सुमारास शशिकलेने माझ्या झाडाचे एक पान चोरले. मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात. विचारले तर म्हणते, "मागितलेलं झाड लागत नाही, बाई. चोरलेलंच लागते. तुमाले तं माईत हाय." हे आमच्याकडे सगळेच म्हणतात, मीही म्हणत आले, त्यामुळे पान परत मागता आले नाही. तिने ते पान फुटक्या कपात खोचले आणि विसरून गेली. आज त्याला सात फांद्या आहेत! खरे लिहायचे तर माझ्या पोटात दुखते. रोज दुखते.

४. राखीबद्दल. शशिकलेला मूलबाळ झाले नाही. त्याचे मला वाईट वाटते, पण म्हणून माझे पळवावे काय? राखी एसटीतून उतरली की आधी काकूच्या ओट्यावर बसते, मग माझ्याकडे येते, तेही पोट भरून. लग्नासाठी तिच्या मनात कोण होते हे काकूला सहा महिने आधी ठाऊक. मी काय कमी विचारत होते? कुठे गेली, कोणाशी बोलली, काय जेवली, दिवसातून तीनदा फोन करत होते.

एकदा मी माती उकरत असताना राखी म्हणाली, "आई, पानाले जरा एकटं राहू दे ना. तू सारखी पाह्यशीन तं ते मुळं कवा धरीन?" शशिकला हसली. ते हसणे मी माफ केलेले नाही. पण मागच्या दिवाळीत एक पान लावले आणि त्याला हात लावला नाही. हात फार शिवशिवले. या पोळ्याला कोंब आला.

५. ही कोंबाची कुंडी मी कोणालाही देत नाही. दिलेली लागत नाही. माझ्या तेरवीच्या दुपारी राखीने ती खिडकीत ठेवावी, खिडकीला कडी लावू नये, आणि सगळ्यांना मागच्या अंगणात जेवायला बसवावे. शशिकला काहीतरी निमित्त काढून उठेल. उठू द्यावे.

६. राखीही मी कोणाला दिलेली नाही. कुंडीबद्दल वर जे लिहिले तेच इथे समजावे.

७. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे अर्जनवीसाने सांगितले. शशिकलेला या कागदाने काहीही मिळत नाही. म्हणून तिची साक्ष चालते.

ठिकाण: मंगरूळपीर
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५
(सही) मनकर्णाबाई रामराव इंगोले

बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली:

१. शेख रज्जाक, शिंपी, समोरचे दुकान (सही)

२. शशिकला देवराव इंगोले (सही, आणि खाली तिच्याच अक्षरात: "मी वाचलं नाही. कडी तं तशीबी ढिल्लीच हाय, बाई.")