आबांच्या इंजिनाला रंग

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

आबांचा ट्रॅक्टर मला कुठे सापडला, हे तू कधी विचारलं नाहीस. विचारणार तरी कुठल्या तोंडाने? भंगारवाल्याच्या आवारात होता, कापायला काढलेला. वरचा पत्रा गायब, इंजिनावर बोटभर काजळी. भंगारवाला म्हणाला, “तुमच्या भावानेच आणून टाकला, ताई.” मी मान हलवली, जणू मला ठाऊकच होतं.

इकडे आबा, एक अंग लुळं पडलेलं, दाराकडे तोंड करून बसायचे आणि विचारायचे, “आला का गं ट्रॅक्टर?” तू त्यांना सांगून गेला होतास ना, दुरुस्तीला टाकलाय म्हणून! माणूस अंथरुणाला खिळला की त्याला काहीही सांगितलेलं चालतं, असंच वाटलं असणार तुला.

मी तो ओढून घरी आणला. मिस्त्रींनी इंजिन चालू करून दिलं, रंगाचं काम मात्र मी कुणाला करू दिलं नाही. रॉकेलने धुतलं, तारेच्या ब्रशने गंज खरवडला. खरवडताना डोळ्यांपुढे तूच होतास, त्यामुळे हाताला जोर कमी पडला नाही. आबा खुर्चीतून हुकूम सोडत होते. “आधी भोकांत चिंध्या कोंब. पहिला हात पातळ दे, नाहीतर पापुद्रे सुटतील.” शेवटी त्यांनीच ब्रश मागितला. चालत्या हाताने वरच्या झाकणावर करडा रंग लावला. एक ओघळ आला. मी पुसायला गेले तर म्हणाले, “राहू दे गं, इंजिनाला काय मिरवायचंय!” किती दिवसांनी हसले होते.

मग एकदम म्हणाले, “इतके दिवस दुरुस्तीला होता, तर गंज कसा चढला?”

मी तुला सांभाळून घेऊ शकले असते, दादा. नाही घेतलं. सगळं सांगितलं. आबा एवढंच म्हणाले, “मागितला असता तर दिलाच असता की.” त्यानंतर त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. जाईपर्यंत नाही. आणि तू मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतास की शेवटी त्यांच्या तोंडी तुझंच नाव होतं. तेव्हा घरात माणसं जमली होती. मी दात आवळून गप्प बसले.

काल वहिनींचा फोन आला. तुझ्या नव्या शोरूमच्या उद्घाटनाला आबांचा ट्रॅक्टर दारात उभा करायचाय म्हणे, ‘वडिलांचा वारसा’ अशी पाटी लावून. मी नाही म्हणेन, अशी धास्ती होती त्यांना. नाही म्हणणार नाही, हे कळवायलाच हे पत्र. मी स्वतः चालवत आणते. तुझ्या सासऱ्यांना पुढे बसव, गिऱ्हाइकं झाडून सगळी बोलाव, माइक नीट तपासून घे. मी आबांबद्दल दोन शब्द बोलावेत, अशी तुझी इच्छा आहे म्हणे. बोलेन ना.

दोनात भागणार नाही एवढंच.

तुझीच,
धाकटी