करमाडची आई

औरंगाबाद, शनिवार, १८ जानेवारी १९६४

करमाडची ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. तिचं दीड वर्षाचं पोर आज पहाटे वॉर्डात दगावलं. यकृताचं तेच दुखणं, ज्याच्या संशोधनामागं मी इतकी वर्षं लागले आहे. शवविच्छेदनाची परवानगी मागायला मीच गेले. तिचा नवरा नाही म्हणाला. तिनं विचारलं, "दुसऱ्या लेकरायला उपेग व्हईल का?"

"आत्ताच सांगता येत नाही," मी म्हणाले. होईल म्हणायला जीभ रेटेना.

तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "करा. पर शिवून तुमीच आणून द्या. दुसऱ्या कुणाच्या हाती नाय."

टाके अगदी बारीक घातले. दुपारी स्वतः नेऊन पोर तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं माझा हात धरला. "जेवल्या का तुमी?"

मी खोटंच हो म्हणाले.

संक्रांतीपासून इथं औरंगपुऱ्यात घरोघरी हळदीकुंकू चाललंय. मढी चिरणाऱ्या बाईला कोण बोलावणार? त्याची सवय झाली. पण जेवलीस का, हे शेवटचं कुणी विचारलं होतं? आठवत नाही. आणि आज विचारलं ते तिनं, तशा अवस्थेत.

भात शिजलाय. भूक नाही. तरी चार घास खाते, निदान तिला दिलेलं उत्तर खरं होईल.