कोरडबारी तलावातील मांगूर पावसाआधी काढण्याबाबत

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी साहेब,
धुळे.

विषय : गावतलाव आपल्यासमक्ष रिकामा करण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आमच्या महिला मंडळाचा मासे चोरीचा तक्रार अर्ज, दि. ३ फेब्रुवारी १९९७.

महोदय,

मी मंजुळाबाई अभिमन देवरे, कोरडबारी (ता. साक्री) येथील महिला मंडळाची अध्यक्ष. हा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला असून पोस्टात न टाकता स्वतः आणून देत आहे, कारण आमच्या गावचे पोस्टमन माझ्या पतींच्या रोजच्या बैठकीतले आहेत. तरी पोहोच माझ्याच हातात द्यावी.

१. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही अकरा जणींनी आपल्या खात्याने प्लास्टिकच्या पिशव्यांतून दिलेली रोहू, कटला व मृगळची बोटुकली (बोटभर पिल्ले) तलावात सोडली. दिवाळीपर्यंत काही मासे वीतभर झाले, बाकीचे लहानच होते. जानेवारीत जाळे टाकले तर लहान मासे जवळजवळ नाहीसे. म्हणून संदर्भीय तक्रार केली.

२. प्रथम माझा संशय तलावालगतचे शेतकरी सुकदेव यांच्यावर होता. चार दिवस मी त्यांच्या बांधावर गवत कापण्याच्या निमित्ताने बसून राहिले. काही आढळले नाही. नंतर मंडळाच्या सदस्य भिकुबाई यांच्या घरातून माशांचा वास आला, म्हणून मी त्यांना सर्वांदेखत चोर म्हटले. त्या म्हणाल्या, "अक्का, मना घरमा चाल, हांडी उघाडीसन देखी ले." हांडीत सुके बोंबील होते. त्या दिवसापासून त्या तलावावर येत नाहीत. तक्रारीतील त्यांचे नाव कृपया खोडावे.

३. मार्चमध्ये जाळ्यात काळा, खवले नसलेला, मिशांचा मासा आला. पाण्याबाहेर तासभर ठेवला तरी जिवंत. पोट चिरले तर आत तीन लहान रोहू निघाले.

४. हा मासा आपल्या खात्याच्या पिशवीतून आला काय, असाही संशय मी घेतला, हे नमूद करते. परंतु आमच्याच गोठ्यात कडब्यामागे तशाच प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या सापडल्या, पण खात्याचा शिक्का नसलेल्या. पती म्हणाले, खताच्या आहेत. मी पिशवी हुंगली व त्यांच्या नाकाशी धरली. तेव्हा ते खाली बसले व म्हणाले, "लवकर वाढतस म्हने. तुमले बठ्ठासले एकदम दखाडनं व्हतं." म्हणजे आम्हा सगळ्यांना मोठे झालेले मासे एकदमच दाखवायचे होते. एका फिरत्या व्यापाऱ्याकडून त्यांनी नोव्हेंबरमध्ये हे परदेशी मांगूर आणून, आम्हाला न विचारता तलावात सोडले होते. हेतू वाईट नव्हता. तरीही मी त्यांचे नाव येथे लिहीत आहे : अभिमन देवरे.

५. आता गावात म्हणतात, मांगूर तर मांगूर, वाढू द्या. मंडळातील सात जणीही तेच म्हणतात. परंतु पावसात सांडव्यावरून पाणी गेले की हे मासे नाल्याने पांझरेत जातील. मग नदीतले मासे कोणत्या जाळ्याने वाचवायचे?

६. म्हणून विनंती की, आपण येऊन तलावाच्या दरवाजाला बारीक जाळी बांधून घ्यावी, पाणी शेतांकडे सोडावे व गाळातील मांगूर उकरून काढावेत. यात आमचे उरलेले रोहू-कटलाही संपतील, याची मला जाणीव आहे. आपण येणार तो दिवस गावात आधी कळवू नये.

७. दरवाजाच्या चाकाची किल्ली ग्रामपंचायतीतून मी मागून घेतली आहे. कशासाठी, ते सांगितलेले नाही. १ जूनपर्यंत आपण न आल्यास जाळी बांधून चाक मी एकटी फिरवीन. त्यानंतर कोणी माझ्याविरुद्ध तक्रार आणल्यास वेगळी चौकशी नको, हाच माझा जबाब समजावा.

आपली वाट पाहणारी,
मंजुळाबाई अभिमन देवरे
दि. १२ मे १९९७

सोबत : मिठात ठेवलेला मांगूर, एक (बरणी परत मिळावी).