गुणी पोरगी

३ नोव्हेंबर १९४४
आज थेंब घेतले नाहीत. बघू!

दुपारपासून जांभया. मग नाकाडोळ्यांना पाणी, पोटऱ्यांत गोळे. बाळंतपणातलं कमरेचं दुखणं केव्हाच थांबलं, पण त्यासाठी डॉक्टर सुमंतांनी दिलेली बाटली काही सुटत नाही. अफूचा अर्क! हे कचेरीतून येताना निमूट नवी घेऊन येतात. "तुला बरं वाटतं ना, मग झालं." चीड येते. त्यांची नाही, माझीच.

४ नोव्हेंबर
घेतले नाहीत. दोनदा ओकले. सासूबाई म्हणाल्या, "पित्त." असू दे पित्त.

५ नोव्हेंबर
दमी रडतेय! चार महिन्यांची माझी दमी, आळीत कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. तिला न्हाऊ घालणारी रंगुबाई रोज म्हणायची, "वैनी, लई गुनी पोरगी हाय, कुनाला तरास न्हाई." मी फुगून जायचे. कालपासून नुसती किंचाळतेय. शिंकते, जांभया देते, हातपाय थरथरतात. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

पाळण्याशी उभी होते आणि मलाही शिंक आली. लागोपाठ चार. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला — माझ्या दुधातून तिला रोज जात होतं! गुणी कसली, गुंगीत होती माझी पोर. देवा, हे काय केलं मी!

थेंब घेतले. पाजलं. निजली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ नोव्हेंबर
टांगा करून भिंगारहून नगरला गेले, डॉक्टरांकडे. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "चूक माझी. पण एकदम तोडू नका, पोरीच्या जिवाशी खेळ होईल. थोडे थोडे कमी करा आणि पाजत राहा. तीही तुमच्याबरोबर सुटेल. रडेल, रडू द्या."

१९ नोव्हेंबर
निम्म्यावर आले. हे बाटली कुलपात ठेवतात, किल्ली जानव्याला. आज किल्लीसाठी भांडले. नको नको ते बोलले, त्यांच्या गेलेल्या वडिलांचा उद्धार केला! दिली नाही. बरं केलं.

दमीचा टाहो चालूच. सासूबाई — "आई आहेस की वैरीण? लेकरू तळमळतंय आणि तुला पाझर फुटेना!" काय सांगू त्यांना? सांगितलं होतं सगळं. म्हणे, डॉक्टरांना काय कळतंय पोरांतलं.

२ डिसेंबर
दमी शांत! दोन दिवस झाले, हूं की चूं नाही. सासूबाईंच्या मांडीवर निजते. माझेही आता नावापुरतेच थेंब. आम्ही दोघी तरलो, असं मोठ्यांदा म्हणून पाहिलं.

९ डिसेंबर
आज काहीच घेतलं नाही आणि काहीच झालं नाही! पिठलं-भाकरी दोनदा मागून खाल्ली. यांनी उरलेली बाटली परसात ओतली. मी पाहत उभी होते. हात पुढे गेला नाही. रडले मात्र खूप.

११ डिसेंबर
सासूबाई काल खर्ड्याला गेल्या, वन्संकडे. आज दमी पुन्हा किंचाळतेय, थरथरतेय.

रंगुबाई म्हणाली, "थोरल्या बाई रोज मधात वाईच अफू चाटवीत हुत्या. तुमाला सांगू नगं म्हनल्या. त्याबिगर का गप बसली व्हय? आमी समद्याच देतो की वैनी."

मी सुटले. ती नाही. आणि एकदम तोडता येत नाही.

अफूची डबी देवघरात सापडली. मध काढला. माझ्या बोटाने मीच चाटवलं.